शाळेचे सिमेंटचे पत्रे श्रमदानाने उतरवू नका

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागातील एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिकांनी पाठवलेले पत्र मोठे आहे, त्यामुळे येथे त्याचा सारांश देतो. शाळेच्या चार वर्गखोल्यांवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. गेल्या वादळात त्यातले काही फुटले. तुकडे शाळेमागे रचून ठेवले आहेत आणि बरे निघालेले पाच-सहा पत्रे एका पालकांनी गोठ्यासाठी नेले आहेत. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने ‘या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याने कर्करोग होतो’ असा निरोप गावाच्या गटावर टाकल्यापासून निम्मे पालक मुलांना शाळेत पाठवायला तयार नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत तरुण मंडळाने श्रमदान करून सगळे पत्रे उतरवावेत, चांगले पत्रे लिलावात विकावेत आणि त्या पैशांत लोकवर्गणीची भर घालून नवे छप्पर घालावे, असे ग्रामपंचायतीचे म्हणणे आहे. बाई विचारतात की हे करावे का, कायदा काय सांगतो, आणि तोपर्यंत त्या खोल्यांत वर्ग भरवावेत की नाही.

आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार.

आपल्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर स्पष्ट आहे. श्रमदानाने हे काम करू नये, आणि उतरवलेला एकही पत्रा विकू नये किंवा कुणाला देऊ नये. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे इतकी सरळ नाहीत. शिवाय गावात भीती आणि उत्साह दोन्ही एकाच वेळी उसळले आहेत, म्हणून थोड्या विस्ताराने लिहितो.

आधी भीतीविषयी. ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे. सिमेंटच्या पत्र्यात ते साधारण दहा टक्क्यांच्या आगेमागे असते आणि सिमेंटने ते घट्ट धरून ठेवलेले असते. धोका तंतू हवेत उडून श्वासाबरोबर फुप्फुसात जाण्यात आहे. पत्रा नुसता डोक्यावर असण्यात तो फारच कमी आहे. पत्रा अखंड आहे, त्याला कोणी भोक पाडत नाही, घासत नाही, फोडत नाही, तोवर वर्गातल्या हवेत तंतू सुटण्याचे प्रमाण अगदी अल्प राहते. उलट तोच पत्रा हातोड्याने फोडला, ग्राइंडरने कापला किंवा वरून खाली फेकला, की कित्येक वर्षे बांधून राहिलेले तंतू थोड्याच वेळात मोकळे होतात. म्हणून वाईट पद्धतीने उतरवलेले छप्पर हे जागेवर राहिलेल्या छपरापेक्षा अधिक घातक ठरते. ग्रामसभेत पालकांना सांगायची पहिली गोष्ट हीच आहे, कारण घाबरलेला माणूस सर्वप्रथम ‘आजच्या आज काढून टाका’ म्हणतो.

मात्र यावरून ‘मग काहीच करायला नको’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसला, आपल्या पत्र्यांत वापरल्या जाणाऱ्या पांढऱ्या क्रिसोटाइलसह, मानवी कर्करोगाचे निश्चित कारण मानले आहे. फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग आणि फुप्फुसे घट्ट करत नेणारा ॲस्बेस्टोसिस हे त्याचे मुख्य आजार. मेसोथेलिओमा संपर्कानंतर साधारण वीस ते पन्नास वर्षांनी दिसतो. शाळेचा प्रश्न वेगळा का, ते यावरून कळते. ब्रिटनच्या शासकीय तज्ज्ञ समितीने २०१३ मध्ये असा अंदाज मांडला की तेवढ्याच संपर्कासाठी, पाचव्या वर्षी संपर्क सुरू झालेल्या मुलाला आयुष्यभरात मेसोथेलिओमा होण्याची शक्यता तिशीत संपर्क सुरू झालेल्या माणसाच्या सुमारे पाचपट असते. मुलांपुढे आयुष्याची अधिक वर्षे असतात, हे त्यामागचे मुख्य कारण. तेव्हा छप्पर बदलायचे हे नक्की, पण नीट तयारी करून.

पालक मुलांचे एक्स-रे काढायचे म्हणत असतील तर त्यांना थांबवा. छपराखाली बसलेल्या मुलाच्या एक्स-रेमध्ये काही दिसणार नाही आणि निष्कारण किरणोत्सार मात्र होईल. आजवर ज्यांनी हे पत्रे स्वतः कापले, त्यांना भोके पाडली, म्हणजे गावातले सुतार, गवंडी किंवा शाळेचे शिपाई, त्यांनी आपल्या डॉक्टरांना ही माहिती जरूर द्यावी, आणि त्यांच्यापैकी कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती सोडावी. ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षाही वाढतो.

हे पत्रे ॲस्बेस्टॉसचेच आहेत का, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. पत्र्यावर ‘आयएस ४५९’ असा ठसा सापडला तर शंका उरत नाही, कारण ते ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नालीदार पत्र्यांचेच मानक आहे. ठसा पुसला गेला असेल तर फुटलेल्या पत्र्याचा लहान तुकडा ओला करून, दुहेरी पिशवीत बंद करून, एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. माझे मत विचाराल तर चार खोल्यांच्या शाळेने चाचणीवर पैसे आणि महिने घालवू नयेत. जुना नालीदार सिमेंटचा पत्रा ॲस्बेस्टॉसचा आहे असे गृहीत धरून पुढे जावे. मात्र पाहणी करताना केवळ छप्पर पाहू नका. पागोळ्यांचे पाणी खाली आणणारे जुने सिमेंटचे नळ, खोल्यांमधल्या सपाट फळ्यांच्या आडभिंती, जुनी पाण्याची टाकी हेही पाहा. जवळच्या माध्यमिक शाळेला हे पत्र दाखवाल तेव्हा त्यांना प्रयोगशाळेचे कपाट उघडायला सांगा. चंचुपात्राखाली ठेवायच्या तारेच्या जाळीवर मधोमध जो पांढरा गोल असे, तो पूर्वी ॲस्बेस्टॉसचाच असायचा, आणि अशा झिजलेल्या जाळ्या अजूनही काही कपाटांत पडून आहेत.

आता कायदा. अमेरिकेत शाळांसाठी १९८६ पासून स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक शाळेला ॲस्बेस्टॉसची पाहणी करावी लागते, व्यवस्थापन आराखडा ठेवावा लागतो आणि दर तीन वर्षांनी फेरपाहणी करावी लागते. ब्रिटनमध्ये २०१२ च्या नियमांनी इमारत सांभाळणाऱ्यावर तशीच जबाबदारी टाकली आहे. आपल्याकडे संसदेने शाळांसाठी असा वेगळा कायदा केलेला नाही, आणि ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे बनवण्यावर व विकण्यावर देशभर बंदीही नाही. केरळमध्ये मात्र राज्य मानवी हक्क आयोगाने २००९ च्या जानेवारीत शाळांची अशी छपरे टप्प्याटप्प्याने बदलून कौले घालण्याचा आदेश दिला होता. तो महाराष्ट्राला बंधनकारक नाही. पण जिल्हा परिषदेकडे पाठवायच्या प्रस्तावात त्याचा उल्लेख करायला हरकत नाही, कारण ‘असे कुठे झाले आहे का’ हा प्रश्न कचेरीत हमखास येतो.

स्वतंत्र कायदा नाही म्हणून नियमच नाहीत, असे नाही. पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ‘टाकून दिलेले ॲस्बेस्टॉस’ ही नोंद आहे. ती ॲस्बेस्टॉसच्या वस्तूंच्या उत्पादनाच्या शीर्षकाखाली येत असल्यामुळे एखादा अधिकारी ‘हे कारखान्यांसाठी आहे, शाळेसाठी नाही’ असे तोंडी सांगेल. त्याच्याशी वाद घालत बसू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या: अमुक क्षेत्रफळाचे, अंदाजे इतक्या वजनाचे ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे उतरवले जाणार आहेत, त्यांची वाहतूक आणि विल्हेवाट कोणत्या सुविधेकडे व कोणत्या अटींवर करावी, याचे मार्गदर्शन मिळावे. पत्राची पोहोच घ्या. उत्तर काहीही आले तरी ते दप्तरात राहते आणि पुढे शाळेवर किंवा आपल्यावर ठपका येत नाही. राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे घातक कचऱ्याच्या सामायिक विल्हेवाटीच्या सुविधा आहेत. साताऱ्याहून रांजणगाव त्यातल्या त्यात जवळ. तिथे जाणाऱ्या मालासोबत नमुना १० मधले वाहतूक नोंदपत्र असते. माल कोणी दिला, कोणी नेला, कोणी घेतला, हे त्यात सह्यांनिशी नोंदले जाते, आणि त्याची प्रत शाळेला मिळायलाच हवी. असा कचरा जागेवर साठवायला या नियमांत साधारण नव्वद दिवसांची मर्यादा आहे, म्हणून आधी उतरवून नंतर गाडी शोधायची, असा क्रम ठेवू नये. भारतीय मानक संस्थेचे ‘आयएस ११७६८’ हे मानक ॲस्बेस्टॉस कचऱ्याच्या विल्हेवाटीविषयीच आहे. निविदेच्या अटींत त्याचा क्रमांक घालायला अभियंत्यांना सांगावे.

मजुरांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल महत्त्वाचा आहे. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात न्यायालयाने कामगाराचा आरोग्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि ॲस्बेस्टॉस कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा ती संपल्यावर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर, जपायला सांगितले. खटला कारखान्यांचा होता, हे खरे. पण शाळेचे छप्पर उतरवणारा रोजंदारीचा मजूर तोंडाला रुमाल बांधून तीच धूळ घेणार असेल, तर त्याचे फुप्फुस काही वेगळे नसते. तरुण मंडळाच्या मुलांचेही नसते. त्यातून श्रमदानात कोणी जखमी झाले तर विमा नाही, ठेकेदार नाही, जबाबदार कोण याचा पत्ता नाही. शेवटी पोलीस पाटील पंचनामा करतात आणि मुख्याध्यापकांचे नाव पुढे येते.

जखमी होण्याविषयी बोललोच आहे तर सांगतो, या कामातला सर्वांत तातडीचा धोका ॲस्बेस्टॉसचा नाही, पडण्याचा आहे. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलत नाही. वरून तो भक्कम वाटतो, शेवाळ्याने निसरडा झालेला असतो, आणि एखादा पाय दोन पर्लिनच्या (पत्र्यांना खालून आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या) मधे पडला की माणूस सरळ खाली फरशीवर येतो. पावसाळ्यानंतर लगेच, म्हणजे नेमके दिवाळीत, शेवाळ सर्वांत जास्त असते. त्यामुळे छपरावर चढून काम करायचे नाही, खालून मचाण किंवा चाकांची परांची उभी करून करायचे. अगदीच वर जावे लागले तर पर्लिनवर टेकलेल्या रुंद फळ्यांवरूनच जायचे, कमरेला सुरक्षा पट्टा आणि खाली जाळी हवी.

माझ्या मते काम उन्हाळी सुट्टीत करावे. दिवाळीची सुट्टी लहान असते, मंजुरीला वेळ लागतो, आणि अर्धवट उघडे छप्पर घेऊन शाळा सुरू करण्याची वेळ येऊ शकते. एप्रिलअखेर सुरुवात करून मे महिन्याच्या मध्यापर्यंत नवे छप्पर पुरे व्हायला हवे, कारण आपल्या भागात वळवाचा पाऊस आणि त्याबरोबरचा वारा कुणाची वाट पाहत नाही. अडचण एकच: पत्रे ओले करूनच उतरवायचे असतात आणि मे महिन्यात आपल्याकडे पाण्याचीच ओरड असते. म्हणून टँकरचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरा. ‘पाणी मिळाले नाही म्हणून कोरडेच काढले’ हे मे महिन्यात सहज घडते.

अंदाजपत्रकावर आता सविस्तर लिहितो, कारण ही कामे बिघडतात ती बहुधा कागदावरच. जिल्हा परिषदेच्या जुन्या खोल्यांचे निर्लेखन होते, म्हणजे त्या नोंदीतून कमी करून पाडल्या जातात, तेव्हा साहित्याची किंमत काढून त्याचा लिलाव होतो, किंवा ठेकेदाराच्या देयकातून जुन्या साहित्याची वजावट होते. लोखंडी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), पर्लिन, दारे-खिडक्या यांच्या बाबतीत हे योग्यच आहे. पण त्याच यादीत ‘सिमेंटचे पत्रे, नग इतके’ अशी ओळ आली, की ठेकेदाराला ते विकणे भाग पडते आणि ते गावात गोठ्यांवर, न्हाणीघरांवर, कोंबड्यांच्या खुराड्यांवर पसरतात. जे फुटतात ते रस्त्याच्या भरावात जातात. शाळेच्या डोक्यावरचा धोका मुलांच्या घरी पोहोचतो, एवढाच काय तो फरक. शाखा अभियंत्यांना विनंती करून निर्लेखनाच्या यादीत या पत्र्यांचे मूल्य शून्य दाखवून घ्या आणि शेऱ्यात ‘ॲस्बेस्टॉसयुक्त, पुनर्वापर व विक्री नाही’ असे लिहून घ्या. अंदाजपत्रकात उतरवणे, गुंडाळणे, वाहतूक आणि विल्हेवाट या चार बाबी वेगवेगळ्या लिहाव्यात. ‘जुने छप्पर काढणे’ ही एकच बाब ठेवली तर सर्वांत कमी दराचा ठेकेदार ते हातोड्यानेच काढील, आणि त्या दरात त्याला दुसरे परवडणारही नाही. शेवटचे देयक विल्हेवाट सुविधेने सही केलेल्या नोंदपत्राच्या प्रतीशिवाय निघू नये, ही अट मला या साऱ्या पत्रातली सर्वांत उपयोगी वाटते. छपरावरचे पत्रे आधी मोजून, छायाचित्रे काढून ठेवा. गाडीत चढलेल्या नगांशी ती मोजणी जुळली पाहिजे.

हे सर्व मुख्याध्यापकांनी एकट्याने करायचे नाही. इमारत जिल्हा परिषदेची आहे आणि मंजुरीशिवाय तिच्या छपराला हात लावण्याचा अधिकार ग्रामपंचायतीलाही नाही आणि आपल्यालाही नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा. शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीने करायच्या शाळा विकास आराखड्यात हे काम घाला, आणि गटशिक्षणाधिकारी व बांधकाम उपअभियंता या दोघांकडे एकाच वेळी प्रस्ताव पाठवा, नाहीतर एकाच्या टेबलावरून दुसऱ्याच्या टेबलावर जाण्यातच वर्ष निघून जाते. लोकवर्गणी गोळा झाली असेल तर ती नव्या छपराच्या दर्जासाठी वापरा. उतरवण्याचा खर्च वाचवण्यासाठी नको. खासगी अनुदानित शाळा असती तर हीच जबाबदारी संस्थेच्या व्यवस्थापनावर आली असती, बाकी सर्व तेच.

प्रत्यक्ष काम कसे व्हायला हवे, हे आपल्याला ठाऊक असले म्हणजे ठेकेदाराला टोकता येईल. काम सुरू होण्याआधी बाके, फळे, पुस्तके, पोषण आहाराची तांदळाची पोती, सगळे बाहेर काढावे. जे हलवता येत नाही ते जाड प्लॅस्टिकने झाकून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. आवाराभोवती दोरी आणि फलक लावावा. सुट्टीतही शाळेच्या मैदानावर मुले खेळतात, तेव्हा त्या दिवसांत मैदान बंद आहे, हे गावात दवंडीसारखे सर्वांना कळायला हवे. काम भल्या सकाळी, वारा सुटण्यापूर्वी करावे. पाण्यात थोडा साबण मिसळून फवारणीच्या पंपाने हलका फवारा मारावा. जोराचा फवारा नको, कारण त्याने तंतू निघून मातीत आणि विहिरीकडे जाणाऱ्या ओघळीत जातात. आधी कोना, म्हणजे छपराच्या माथ्यावरचा तुकडा, काढावा, मग पत्रे ज्या क्रमाने बसवले असतील त्याच्या उलट क्रमाने काढावेत. पत्रे पर्लिनला धरून ठेवणाऱ्या जे-हुकांचे नट गंजून बसलेले असतातच. ते पान्याने सुटले नाहीत तर हाताने चालवायच्या बोल्ट कटरने हुक कापावा. ग्राइंडर आवारात येताच कामा नये, आणि हुकाभोवतीचा पत्रा फोडून तो मोकळा करायचा नाही. प्रत्येक पत्रा दोघांनी धरून अखंड खाली द्यावा, अडीचशे मायक्रॉनच्या प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळावा आणि त्यावर मराठीत ‘ॲस्बेस्टॉस, फोडू नये’ अशी चिठ्ठी लावावी. गाडीत बसत नाहीत म्हणून पत्रे तोडणे हा या कामातला नेहमीचा आणि सर्वांत वाईट प्रकार आहे. गाडी पत्र्याच्या लांबीची मागवावी.

मजुरांना एफएफपी३ दर्जाचे, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारे, मास्क हवेत. करोनाच्या काळातले कापडी किंवा निळे मास्क येथे निरुपयोगी आहेत, आणि दाढी असेल तर चांगला मास्कही चेहऱ्याला नीट बसत नाही. अंगावर एकदा वापरून टाकायचे पूर्ण डगले असावेत आणि ते कामाच्या जागीच उतरवून त्याच कचऱ्यात जावेत. धुळीचे कपडे घरी नेले की ते धुणाऱ्या बाईच्या फुप्फुसात तीच धूळ जाते. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या घरच्यांना असे आजार झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. कामाच्या जागी जेवण, तंबाखू, विडी नको. हातपाय आणि तोंड धुण्याची सोय तिथेच असावी.

पत्रे उतरले म्हणजे काम झाले नाही. भिंतींच्या माथ्यावर, पर्लिनवर आणि कैच्यांवर वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असते. ती झाडूने कधीही झाडू नये; ओल्या फडक्याने पुसून फडकी त्याच कचऱ्यात टाकावीत. पागोळ्या पडतात त्या रेषेतली माती विसरली जाते. दरवर्षीच्या पावसाने पत्र्याच्या पृष्ठभागाचे सिमेंट झिजते आणि सुटलेले तंतू नेमके त्या पट्ट्यात साचतात, जिथे लहान मुले खेळत बसतात. तो पट्टा ओला करून वरचा पातळ थर खरवडून घ्यावा, पत्र्याचे बारीक तुकडे वेचावेत, आणि वर नवी माती किंवा खडी टाकावी. शाळा उघडण्यापूर्वी वर्गातल्या हवेची तंतुमोजणी करून घेता आली तर उत्तम. चार खोल्यांसाठी ती शक्य झाली नाही तरी अभियंता, समितीचे दोन पालक आणि आपण असे सर्वांनी मिळून प्रत्यक्ष पाहणी करून तसा लेख लिहून ठेवावा.

नव्या छपराविषयी एकच ताकीद. दुकानात आजही ॲस्बेस्टॉसचे पत्रे मिळतात आणि ते स्वस्त असतात, म्हणून ‘जुने सिमेंटचे काढले, नवे सिमेंटचे घातले’ हा विनोद खरोखर घडू शकतो. ॲस्बेस्टॉसमुक्त तंतुसिमेंटचे पत्रे घेणार असाल तर उत्पादकाचे तसे लेखी प्रमाणपत्र घ्या. रंगीत पोलादी पत्रे हलके असतात, पण आपल्या भागातल्या पावसात त्यांच्याखाली शिकवणे म्हणजे ताशाच्या पथकात पाढे म्हणणे, तेव्हा खाली उष्णता व आवाज अडवणारा थर हवाच. मंगळुरी कौले खोली थंड ठेवतात. मला स्वतःला तीच बरी वाटतात; मात्र त्यांचे वजन जुन्या कैच्या पेलतील का, हे अभियंत्याने तपासून सांगितले पाहिजे. जुन्या पत्र्यांवरच नवे पत्रे ठोकून देण्याचा सल्ला कोणी दिला तर नाकारा: त्यासाठी जुन्या पत्र्याला पुन्हा भोके पाडावी लागतात, आणि खालचा प्रश्न पुढच्या मुख्याध्यापकांवर ढकलला जातो.

तोपर्यंत वर्ग कुठे भरवावेत, हा आपला तिसरा प्रश्न. ज्या खोल्यांवरचे पत्रे अखंड आहेत तिथे वर्ग चालू ठेवावेत. ज्या खोलीवरचा पत्रा फुटलेला आहे ती मात्र आजच बंद करा; ते वर्ग समाजमंदिरात किंवा दोन सत्रांत भरवा. फुटलेल्या कडा ओल्या करून त्यांवर रंगाचा जाड हात देता येतो, पण त्याआधी घासणे नाही आणि तारेच्या ब्रशने शेवाळ काढणे तर मुळीच नाही. पताका, तोरणे, पंखे यांसाठी पत्र्याला खिळा किंवा भोक नको. जे टांगायचे ते पर्लिनला. छपरावर गेलेला चेंडू काढायला मुले वर चढतात, हे थांबवायचे तर चेंडू काढण्याची जबाबदारी एखाद्या मोठ्या माणसावर द्यावी लागेल, नुसत्या सूचनेने ते थांबत नाही. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर छपराची पाहणी करून तारखेसह नोंद ठेवा. वानरांच्या उड्यांनी आणि गारपिटीने पत्रे फुटतात, तेव्हा अशा दिवशी शाळा उघडण्यापूर्वी एक फेरी मारावी.

शाळेमागच्या तुकड्यांच्या ढिगाकडे मात्र मी या आठवड्यात लक्ष द्यायला सांगेन. मुले त्या तुकड्यांनी जमिनीवर लंगडीची घरे आखतात, आणि होळीत टाकले की ते फटाक्यासारखे फुटतात, हेही त्यांना ठाऊक असते. मोठ्या दोघांनी एफएफपी३ मास्क लावून ढीग पूर्ण भिजवावा, तुकडे आणखी न फोडता दुहेरी जाड पिशव्यांत भरावेत, पिशव्या बंद करून कुलूपबंद जागेत ठेवाव्यात आणि त्यांवर तारीख लिहावी. हे तुकडे वादळातच निघाले असल्यामुळे त्यांच्या साठवणीचाही उल्लेख प्रदूषण मंडळाला द्यायच्या पत्रात करावा आणि शक्य असेल तर ते उन्हाळ्यापर्यंत न थांबता आधीच पाठवावेत.

गोठ्यासाठी पत्रे नेलेल्या पालकांना दोष देऊ नका. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ते पत्रे आता तिथे बसवून झाले असतील तर ते ओढून काढायला लावण्यात उलट धूळ उडेल. त्यांना कापू नका, भोके पाडू नका, घासू नका, एवढे सांगा आणि शाळेचे पत्रे उतरतील तेव्हा त्याच मजुरांकडून, त्याच काळजीने, तेही उतरवून त्याच गाडीत पाठवण्याची तरतूद अंदाजपत्रकाच्या मोजणीत आताच करून ठेवा. पत्रे अजून नुसते भिंतीला टेकवून ठेवलेले असतील तर मात्र ते ओले करून, अखंड, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शाळेच्या कुलूपबंद खोलीत परत आणावेत, आणि त्यांच्या बदल्यात गोठ्यासाठी चार साधे लोखंडी पत्रे लोकवर्गणीतून द्यावेत. समितीने त्याला हरकत घेऊ नये.